पुराने किंवा आगीने शेतजमिनीचे नुकसान झाल्यास शासकीय मदत कशी मिळवावी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा आणि गोदावरी या नद्यांना आलेल्या पुरात मराठवाड्यातील नदीकाठच्या शिवारांमधले उभे सोयाबीन गेले, कापसाची बोंडे सडली, आणि परंडा, भूम, आष्टी, गेवराई, माजलगाव अशा भागांत कित्येक शेतांतून पिकाखालची काळी माती खरडून जाऊन मुरूम उघडा पडला. पीक एका हंगामाचे असते, पुढच्या हंगामात ते पुन्हा पेरता येते. खरडून गेलेली माती मात्र शेतकऱ्याच्या हयातीत आपोआप परत येत नाही. शासनाच्या मदतीच्या निकषांमध्येही हा फरक स्पष्टपणे केलेला आहे: पिकाच्या नुकसानीचा दर वेगळा, साचलेल्या गाळाचा वेगळा आणि वाहून गेलेल्या जमिनीचा वेगळा. असे असूनही पंचनाम्यात पिकाचे नाव आणि नुकसानीची टक्केवारी एवढेच लिहिले जाते व जमिनीच्या नुकसानीची जागा कोरी राहते, असे पुष्कळदा घडते. ज्या शेतकऱ्याची जमीनच गेली त्याला केवळ पिकाचे अनुदान मिळावे, हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो टाळण्याची वेळ पंचनाम्याच्या दिवशीच असते.

दर कोणते आणि कोणासाठी

मदतीचा पाया केंद्र शासनाने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी ठरवलेल्या निकषांचा आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या निकषांनुसार शेतात तीन इंचांपेक्षा जास्त जाडीचा गाळ किंवा वाळू साचली असेल, तर ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये मिळतात आणि क्षेत्र कितीही लहान असले तरी प्रत्येक शेतकऱ्याला किमान २,२०० रुपये देय असतात. दरड कोसळल्याने किंवा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भाग नष्ट झाला असेल, तर हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात व किमान रक्कम ५,००० रुपये असते. या दुसऱ्या मदतीला एक महत्त्वाची अट आहे: ती अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठीच, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी आहे, आणि महसूल अभिलेखात त्या जमिनीची मालकी शेतकऱ्याच्या नावे असावी लागते. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा दर असून त्याला २ हेक्टरची मर्यादा आहे.

राज्य शासन या दरांत आणि मर्यादेत वेळोवेळी भर घालते किंवा ती काढूनही घेते, त्यामुळे गावात दरांबाबत सतत गोंधळ असतो. जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पिकांचे दर अनुक्रमे १३,६००, २७,००० आणि ३६,००० रुपये करून मर्यादा ३ हेक्टर केली होती. मे २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा केंद्राचे दर आणि २ हेक्टरची मर्यादा लागू झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात हाहाकार झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात पिकांच्या मदतीची मर्यादा ३ हेक्टर करण्यात आली, रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर निविष्ठांसाठी हेक्टरी १०,००० रुपये देण्याचे ठरले, खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि शिवाय रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, तसेच खचलेल्या किंवा बुजलेल्या विहिरीसाठी ३०,००० रुपये अशी तरतूद झाली. हे पॅकेज त्या वर्षाच्या आपत्तीपुरते होते. म्हणून आपले नुकसान ज्या हंगामात झाले त्या हंगामाचा शासन निर्णय तहसील कार्यालयात किंवा शासनाच्या संकेतस्थळावर पाहूनच हिशेब करावा. शेजारच्या गावात दोन वर्षांपूर्वी काय मिळाले होते, यावरून तो करू नये.

नोंद नीट झाली तर किती फरक पडतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, नदीकाठी तीन एकर, म्हणजे १ हेक्टर २० आर, जिरायती जमीन आहे. त्यातील ४० आर खरडून गेली, ३० आरवर गुडघाभर वाळू साचली आणि उरलेल्या ५० आरवरचे सोयाबीन पाण्याखाली राहून सडले. पंचनाम्यात सगळे क्षेत्र 'सोयाबीन बाधित' म्हणून लागले, तर केंद्राच्या दराने १०,२०० रुपये होतात. तेच तीन भाग वेगवेगळे नोंदवले गेले, तर खरडलेल्या भागाचे १८,८००, वाळूच्या भागाचे ५,४०० आणि पिकाचे ४,२५० असे मिळून २८,४५० रुपये होतात. जमीन तीच, शेतकरी तोच आणि पूरही तोच आहे. फरक केवळ कागदावरच्या नोंदीचा आहे.

पंचनामा होण्यापूर्वी आणि होताना

आपत्तीनंतरचा पंचनामा ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी हे तिघे मिळून संयुक्तपणे करतात. त्यासाठी शेतकऱ्याने अर्ज केलाच पाहिजे असे नाही, परंतु अर्ज द्यावा असा माझा आग्रह आहे. एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेक गावे असतात, पंचनाम्याला मुदत असते, आणि चिखलामुळे ओढ्यापलीकडच्या शेतापर्यंत कोणी पोहोचतच नाही, असे होऊ शकते. अशा वेळी तहसील कार्यालयाची आवक क्रमांक व तारीख असलेली पोच आपल्या हाती असेल, तर पुढे तक्रार करताना पायाखाली जमीन असते.

अर्ज तहसीलदारांच्या नावे एका पानाचा असावा आणि त्यात क्षेत्र नेमके लिहावे. उदाहरणार्थ: 'माझ्या नावे असलेल्या गट क्रमांक अमुक, एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर, या जमिनीपैकी नदीकडील पूर्वेच्या बाजूची ४० आर जमीन दिनांक अमुक रोजीच्या पुरात खरडून गेली असून ३० आर क्षेत्रावर सुमारे दीड फूट वाळू साचली आहे. जमिनीच्या नुकसानीची नोंद पिकाच्या नुकसानीपासून स्वतंत्रपणे घेऊन पंचनामा करावा, ही विनंती.' सोबत सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती आणि छायाचित्रे जोडावीत.

पुराचे कारणही योग्य शब्दांत नोंदवले जाणे आवश्यक आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते. पण सीनाकाठच्या गावात पावसाची नोंद कमी असूनही वरून आलेल्या पाण्याने शेत वाहून जाऊ शकते. तेथे कारण 'अतिवृष्टी' असे लिहिल्यास, मंडळात तेवढा पाऊस नव्हता म्हणून प्रकरण अडते. म्हणून नदीचे किंवा धरणातून सोडलेले पाणी शिरले असेल, तर 'पूर' असेच नोंदवून घ्यावे.

छायाचित्रे शेत सरळ करण्यापूर्वी काढावीत. हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे कठीण, कारण रब्बीची पेरणी तोंडावर असते, जेसीबी एका दिवसासाठीच मिळतो आणि उघडे पडलेले शेत पाहवत नाही. तरीही गाळ किती आहे, हे दाखवण्यासाठी खोरे किंवा टेप गाळात उभा धरून जवळून एक छायाचित्र, आणि धुरा, विहीर किंवा आखाड्यावरचे झाड अशी ओळखीची खूण दिसेल असे लांबून एक छायाचित्र काढावे. मोबाइलवर तारीख, वेळ आणि ठिकाणाची नोंद छायाचित्रावर उमटवणारे कॅमेरा अॅप मोफत मिळते, ते वापरावे. खरडलेल्या भागात मुरमापर्यंत किती खोल गेले आहे, हेही टेप लावून दाखवावे. पंचनाम्याला उशीर होत असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर तसे लेखी कळवून शेताचा एक कोपरा जसा आहे तसा सोडावा, म्हणजे अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहता येते.

पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहावे. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बरोबर आहे का, गट क्रमांक बरोबर आहे का, पिकाचे नाव ई-पीक पाहणीतल्या (मोबाइलवरून केलेल्या पीक नोंदणीतल्या) नोंदीशी जुळते का, आणि जमीन खरडणे किंवा गाळ साचणे याचा स्वतंत्र उल्लेख आहे का, एवढे तपासावे. सही केलेल्या पंचनाम्याचे छायाचित्र काढून ठेवावे. जनावरे दगावली असतील, तर मृत्यूचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जनावर पुरण्यापूर्वीच घ्यावा. दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये असा केंद्राच्या निकषांतील दर आहे.

नदीने पात्र बदलून धुरेच नाहीसे झाले असतील, तर शेजाऱ्याशी वाद सुरू होण्याआधी भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यावा. ज्या जमिनीची हद्दच कोणाला सांगता येत नाही, तिच्यावर मदतीचे क्षेत्र ठरवणेही अवघड जाते.

वणवा आणि इतर आगी

मराठवाड्यात किनवट-माहूरची सागाची जंगले, कन्नडजवळचा गौताळा परिसर आणि बालाघाटाच्या डोंगररांगा येथे साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वणवे लागतात आणि वाळलेल्या गवतातून आग शेतांपर्यंत येते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आग आहे, आणि राज्याने स्वतःच्या यादीत अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे यांच्याबरोबर आकस्मिक आगीचाही समावेश केलेला आहे. त्यामुळे 'आगीला मदत नसते' असे कोणी सांगितले, तर ते ग्राह्य धरू नये. आगीचे पंचनामे मात्र पुरासारखे गावभर होत नाहीत. एका-दोन शेतांचेच नुकसान झालेले असते, म्हणून शेतकऱ्याने स्वतः पाठपुरावा केल्याशिवाय नोंदच होत नाही. त्याच दिवशी तलाठी आणि पोलीस ठाणे या दोघांना कळवावे. आग वनक्षेत्रातून आली असेल, तर वनपरिक्षेत्र कार्यालयालाही लेखी द्यावे आणि आगीचा उगम कोणत्या बाजूला होता, ते पंचनाम्यात लिहून घ्यावे.

वीजवाहिनीच्या तारा घासून ठिणग्या पडल्याने ऊस पेटण्याच्या घटना आपल्याकडे दरवर्षी होतात. हा प्रकार वेगळा आहे. येथे नुकसानभरपाईची मागणी वीज वितरण कंपनीकडे करावी लागते आणि त्यात विद्युत निरीक्षकांच्या अहवालाला सर्वाधिक वजन असते. म्हणून तुटलेली किंवा लोंबकळणारी तार दुरुस्त होण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाला व विद्युत निरीक्षकांना लेखी कळवावे आणि जळालेल्या उसाची तोड लवकर मिळावी म्हणून कारखान्याच्या शेतकी विभागाकडे त्याच दिवशी नोंद करावी.

ठिबक संच, तुषारचे पाईप, कडब्याची गंजी, मोटार यांच्यासाठी केंद्राच्या निकषांमध्ये स्वतंत्र शीर्ष नाही. तरीही या वस्तू संख्येसह आणि खरेदीच्या पावत्यांसह पंचनाम्यात लिहून घ्याव्यात, कारण वीज कंपनीकडे किंवा विम्याकडे दावा करताना तोच पुरावा लागतो. घराला जोडून असलेला गोठा जळाला असेल, तर त्याला ३,००० रुपये मिळतात. ही रक्कम अपुरी आहे, पण ती सोडून देऊ नये.

पीक विम्याबाबत एक बदल लक्षात ठेवावा. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पादनावर ठरू लागली. त्यामुळे ७२ तासांत वैयक्तिक सूचना देऊन भरपाई मिळण्याचा जुना मार्ग त्या हंगामापासून राहिला नाही. विमा आणि शासकीय मदत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी नाकारता येत नाही. शंका असल्यास १४४४७ या क्रमांकावर विचारता येते.

यादी, खाते आणि तक्रार

पंचनामे तहसील, जिल्हाधिकारी आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्त कार्यालयामार्फत शासनाकडे जातात. निधी मंजूर झाल्यावर बाधितांच्या याद्या संगणक प्रणालीवर भरल्या जातात, प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि रक्कम थेट आधार संलग्न खात्यात जमा होते. आता यासाठी अॅग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला, शेतकरी ओळख क्रमांक मागितला जातो. तो नसेल, तर आपत्तीची वाट न पाहता सेवा केंद्रात काढून घ्यावा, कारण एकाच शेतकऱ्याच्या नावावरील सर्व गट त्याला जोडलेले असावे लागतात आणि एखादा गट राहून गेला असेल, तर त्या गटाची मदत अडकते. ओळख क्रमांक नसलेल्यांना विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. त्या वेळी पडद्यावर दिसणारे नाव, क्षेत्र आणि रक्कम वाचूनच अंगठा द्यावा. माहिती चुकीची असेल, तर तेथेच ती अमान्य असल्याचे नोंदवावे.

सामाईक खात्यात सर्वांचे संमतीपत्र नसल्याने रक्कम पडून राहते. वडील वारले आणि वारस नोंद झाली नाही, म्हणूनही ती पडून राहते. ही दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी करून घेण्यासारखी आहेत. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्याचे दुःख यापेक्षा मोठे आहे: पेरले त्याने, बुडाले त्याचे, पण मदत सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावे येते. अशा वेळी मदतीची रक्कम कोणाला आणि किती, हे मूळ करारातच लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे.

रक्कम जमा झाल्यावर बँकेने ती कर्जात वळती केली, तर शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तहसीलदार व जिल्हा अग्रणी बँकेला द्यावी. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असे शासन निर्णयातच नमूद केलेले असते. त्या परिच्छेदाची प्रत सोबत जोडावी.

यादीत नाव नसेल किंवा क्षेत्र कमी लागले असेल, तर आधी तलाठी, मग तहसीलदार आणि त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन, असा क्रम ठेवावा. सोबत माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागावी. ३० दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. तोंडी वाद घालण्यापेक्षा ही प्रत हाती असणे कितीतरी उपयोगाचे ठरते, कारण चूक पंचनाम्यात झाली की संगणकावर भरताना झाली, हे तिच्यावरून लगेच कळते.

जमीन पुन्हा वहितीखाली आणणे

साचलेली वाळू शेतकऱ्याच्या शेतात असली, तरी ती गौण खनिज आहे. ती उचलून विकण्यापूर्वी तहसीलदारांची परवानगी घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आधीच बुडालेल्या शेतकऱ्यावर असा दंड बसणे फार क्लेशदायक असते. शेतातल्या शेतात वाळू बाजूला करून बांधावर घालायची असली, तरी तसे आधी लेखी कळवून ठेवणे चांगले.

रोजगार हमीतून बांधबंदिस्ती, सपाटीकरण किंवा माती भरण्याचे काम हवे असेल, तर ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन ते काम गावाच्या आराखड्यात आले पाहिजे. त्यासाठी जॉब कार्ड लागते, तांत्रिक सहायकाकडून अंदाजपत्रक होते आणि त्यानंतर तालुका पातळीवर मंजुरी मिळते. जाहीर झालेली रक्कम थेट खात्यात येत नाही. ती कामाच्या रूपाने येते. त्यामुळे एकट्याने फिरण्यापेक्षा एकाच ओढ्याच्या काठच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून प्रस्ताव दिला, तर काम लवकर उभे राहते आणि बांधही वरपासून खालपर्यंत सलग घालता येतो.

मुरूम उघडा पडलेल्या जमिनीला माती हवी असते, आणि ती मिळवण्याचा सर्वांत योग्य मार्ग म्हणजे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना. तिच्यात तलावातला गाळ शेतात नेऊन पसरण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे या दराने एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांसाठी जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान मिळते. अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकरी त्याला पात्र आहेत. गाळ टाकण्यापूर्वी वरच्या बाजूने बांध घालून घ्यावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तो पुन्हा ओढ्याला जातो. गाळ पसरल्यावर माती परीक्षण करून घ्यावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून त्याबाबत सल्ला मिळतो. पहिल्या वर्षी नगदी पिकाची घाई न करता ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या वेळी गाडावा.

वणव्याने जळालेल्या उताराच्या शेतात वेगळ्या पद्धतीने चालावे. तेथे माती जागेवरच असते, पण आच्छादन गेल्याने ती सुटी पडते. म्हणून खोल नांगरट न करता उताराला आडव्या सऱ्या आणि बांध पावसाआधी घालावेत. फळझाडांच्या भाजलेल्या खोडांना बोर्डो पेस्ट लावावी आणि नवी फूट येते का ते पाहूनच झाड काढायचे की नाही, हे ठरवावे. झाडे काढण्यापूर्वी त्यांची संख्या पंचनाम्यात लागलेली असली पाहिजे.

तलावांचे पाणी मार्च-एप्रिलमध्ये उतरते आणि जूनमध्ये पुन्हा भरू लागते, म्हणजे गाळ उचलण्यासाठी हाती जेमतेम अडीच-तीन महिने असतात. त्यासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत जानेवारी-फेब्रुवारीतच गेला, तर उन्हाळ्यात ट्रॅक्टर आणि पोकलेन मिळण्याची अडचण राहत नाही.